टेकाडाचे राखणदार अबू गानिम

सन्माननीय अध्यक्ष शेख मिजबिल, व्यासपीठावरील पुराणवस्तू खात्याचे अधिकारी, सत्कारमूर्ती मुतशर, म्हणजे आपल्या सर्वांचे अबू गानिम, आणि नासिरियाहून, दलदलीतल्या गावांतून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी नजात. मातीच्या पाट्यांवरची सुमेरी लिपी वाचणं हे माझं काम. सुमेरी लोक मुळात आले कुठून, यावर आम्हा विद्वानांचं अजून एकमत नाही. कुणी डोंगराकडे बोट दाखवतं, कुणी समुद्राकडे. पहिल्याच दिवशी मी अबू गानिमना विचारलं, तर म्हणाले, "आले कुठून ते तुम्ही शोधा. गेले मात्र कुठेच नाहीत." आणि त्यांनी मला घरामागचा मातीचा तंदूर दाखवला, बोरूच्या जुड्यांचं पाहुणघर दाखवलं, डांबर फासलेली होडी दाखवली. तिन्ही थेट सुमेरी काळातल्यासारखी.

अध्यक्षमहाराज, पोटात सुमेरी शहर गाडलेलं एक टेकाड बत्तीस वर्षं राखणं म्हणजे काय असतं? युद्धानंतर इराकात सरकार नावालाही उरलं नव्हतं. भरदुपारी पंधरा माणसं फावडी घेऊन टेकाड लुटायला आली. पुढे होता जब्बार, यांच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. त्यांनी खणायला घेतलेल्या खड्ड्यात अबू गानिम उतरून बसले.

जब्बार म्हणाला, "मेलेल्यांसाठी मेहुण्याशी वैर घेतोस? कोण लागतात ते तुझे?"

"तू लागतोस तेवढेच. चालव फावडं, पण आधी माझ्यावर."

माणसं परतली. पण जब्बारने बायकोचं माहेर तोडलं. आठ वर्षं. बहीण कोसभर अंतरावर, आणि प्रत्येक ईद भेटीविना निघून जायची. यांनी कधी तक्रार केली नाही. मी विषय काढला की चहा ओतायला उठायचे. हसताय ना? तो कडू चहा इथे सगळ्यांनीच प्यायलाय.

नवव्या वर्षी जब्बार दारात उभा. हातात फडक्यात गुंडाळलेली पाटी, दुसऱ्या कुठल्या टेकाडावरून चोरून नेलेली. "घरात ठेववत नाही रे," एवढंच म्हणाला. मी तिथेच होते, अधीरपणे हात पुढे केला. अबू गानिमनी पाटीकडे पाहिलंही नाही. विचारलं, "वबरिया कुठाय?"

बहीण बाहेर गाडीत बसली होती. आज ती दोघं पहिल्या रांगेत आहेत.

अबू गानिम, खात्याच्या आणि माझ्या वतीने आपले मनापासून आभार. ती पाटी म्हणजे कुणा विद्यार्थ्याने गिरवलेला धडा निघाला, दोन ढळढळीत चुकांसकट. चार हजार वर्षं मातीने त्या सांभाळल्या. माझ्या चुका आपण घटकाभर सांभाळून घ्याल, एवढी विनंती करून मी थांबते.