रंग उडाला!

अरे, रंग उडाला की आम्हा रंगाऱ्यांची इज्जतच जाते. घाटकोपरला इतकी वर्षं साड्या रंगवतोय मी. परवा आमच्या पोरीचा, मनूचा, लॅबमधून व्हिडिओ कॉल आला. भेंडीच्या चिकट रसापासून ती जखमेवर लावायची जेल बनवतेय. माझ्यासमोर तिने ती जांभळ्या पाण्यात टाकली, तर रंग पार पिवळट!

मी ओरडलो, "वाट लागली गं! चिमूटभर मीठ टाक, रंग धरेल."

"बाबा, तो उडायलाच हवा! जखम भरू न देणाऱ्या घटकांसारखाच एक घटक त्या जांभळ्या पाण्यात असतो. रंग उडाला म्हणजे ही जेल तसले घटक मोडून काढते. नसता उडाला तर माझं संशोधनच बंद झालं असतं!"

काल एक बाई रंग गेलेली साडी घेऊन तणतणत आली. मी आधी पेढाच पुढे केला.

"साडी परत रंगवून देतो ताई, पण हा घ्या. आमच्या पोरीने रंग उडवून दाखवलाय!"