गुप्त नंबरचा ठराव

झुंबरबाई : म्हनलं ना साहेब, मशीननं खडखड केलं, चिठ्ठी देल्ली, पैसे नाही देल्ले. अन् पासबुकातून चार हजार गेले.

अर्जुनराव : मी तुमचं म्हणणं नाकारत नाही. आम्ही परवा बँकेचं एटीएम उघडलं, तेव्हा त्यात चार हजार जास्तच निघाले.

झुंबरबाई : मंग ते माहेच.

अर्जुनराव : ते कोणाचे, हे ठरवायलाच हा फॉर्म आहे.

सत्यभामाबाई : दुसरं कोणी मागायला आलं का?

अर्जुनराव : नाही. पण फॉर्म भरावाच लागतो.

झुंबरबाई : लवकर भरा मंग. विहिरीवरची मोटर जळाली त्याले आठ दिस झाले. दुकानवाल्यानं दुरुस्त करून ठेवली, म्हनते पैसे आन अन् घेऊन जाय. तिकडे वांगे माना टाकून राह्यले.

अर्जुनराव : वांग्यांचा रकाना नाही यात. प्रश्न चौथा. कार्डाचा गुप्त नंबर आणखी कोणाला माहीत आहे?

झुंबरबाई : गटातल्या साऱ्याइले. अकरा जनी.

अर्जुनराव : तुम्ही सांगितला?

झुंबरबाई : म्या काऊन सांगू? साऱ्याइचा तोच हाये.

अर्जुनराव : तोच म्हणजे?

सत्यभामाबाई : मी सांगते. बचत गटाची सचिव मीच. रुक्मिणीबाईचा नंबर तीनदा चुकला, कार्ड बंद पडलं, तुमच्याकडे चार चकरा झाल्या. मग बैठकीत ठरलं, सगळ्यांनी एकच नंबर ठेवायचा. एक विसरली तर दहाजणी सांगतील. मनकर्णाबाई म्हणे, धोका आहे. विचारलं, कोणापासून? म्हणे, ते आठवत नाही, पण बँकेत तसा बोर्ड आहे. मग ठराव एकमतानं मंजूर झाला.

अर्जुनराव : हे मी लिहिलं, तर ग्राहकाचाच निष्काळजीपणा म्हणून संगणक तक्रार बंद करतो.

सत्यभामाबाई : पण नोटा मशीनच्या बाहेरच आल्या नाहीत. नंबर अकराजणींना माहीत असो की अख्ख्या अमडापूरला, त्यानं काय फरक पडला?

अर्जुनराव : नोटा आल्या की नाही, हा प्रश्न सातवा आहे. अर्ज चौथ्यालाच बंद होतो. झुंबरबाई, तुम्ही नुसतं म्हणा, कोणालाच माहीत नाही.

झुंबरबाई : कशी म्हनू? ठरावाच्या वहीत माही सही हाये. अंगठा सोडल्यावरची पहिलीच सही हाये थे.

अर्जुनराव : तुमची वही कोण बघायला बसलंय?

सत्यभामाबाई : तुम्हीच बघितली. गटाला कर्ज द्यायच्या आधी.

(सत्यभामाबाई पिशवीतून वही काढून टेबलावर उघडतात.)

अर्जुनराव : ठराव सहावा. यात तर नंबरही लिहिलाय.

सत्यभामाबाई : विसरू नये म्हणून. त्याच्याखाली तुमची सही, शिक्का. ‘तपासले, बरोबर आहे.’

अर्जुनराव : बाई, माझ्याकडे एकेका दिवशी चाळीस वह्या येतात.

सत्यभामाबाई : आम्ही कुठं काय म्हटलं?

झुंबरबाई : साहेब, हे वही वरच्या हापिसात दाखवा लागते काय? तर जातो आमी बुलढान्याले.

अर्जुनराव : वही पिशवीत ठेवा.

झुंबरबाई : अन् चौथा प्रश्न?

अर्जुनराव : ‘लागू नाही’ लिहिलंय. नोटाच बाहेर आल्या नाहीत ना. इथं सही करा. उद्या दुपारपर्यंत पैसे खात्यात जमा होतील.

झुंबरबाई : दुपारी नक्की ना? मोटर आनाले टेम्पो सांगा लागते.

अर्जुनराव : नक्की. पण तो नंबर आता प्रत्येकीनं बदला. वेगवेगळा ठेवा.

सत्यभामाबाई : त्याला नवा ठराव लागेल. शुक्रवारी बैठक आहेच.

अर्जुनराव : ठराव नको. आपापला नंबर आपल्या मनात ठेवायचा. नवऱ्यालासुद्धा सांगायचा नाही.

झुंबरबाई : हाव. अन् रुक्मिणीबाई इसरली, तं तिनं कोनाले इचारावं?

अर्जुनराव : शुक्रवारी किती वाजता आहे बैठक?