शरयूच्या माश्यांचा चार्ज

समारंभाच्या अध्यक्षा प्राचार्या राजेश्वरीताई, प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख पुष्कर सर, इस्लामपूरहून वेळात वेळ काढून आलेले अंकिताचे आईवडील, विद्यार्थी मित्रांनो आणि समस्त सांगलीकर मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटे दिली आहेत. घरी मी सलग पाच मिनिटे कधी बोललो असेन, असे मला वाटत नाही. माझी पत्नी शरयू बोलायची, मी ऐकायचो. ती या विभागात प्राध्यापक होती हे आपण जाणता. तिला जाऊन वर्ष झाले. अंकिता तिची शेवटची विद्यार्थिनी, आता डॉक्टर अंकिता. बंगळुरूच्या संशोधन संस्थेने तिला बोलावले आहे, म्हणून हा निरोप समारंभ. पण अडचण अशी की जिला निरोप द्यायचा, ती जायलाच तयार नाही! हार आणले, पेढे आणले, आणि पाहुणी उठायचे नाव घेत नाही. का, ते सांगायला मी उभा आहे.

मी साताऱ्याचा, सैन्यातला निवृत्त सुभेदार. सुट्टीवर सांगलीला आलो की ताटावर बसल्या बसल्या फळमाशीचा पाठ सुरू व्हायचा. माशीला फुफ्फुस नसते. अंगावर बारीक भोके आणि आत हवेच्या नळ्यांचे जाळे. ते जाळे अंड्यातल्या गर्भातच तयार होते. एक जनुक काही पेशींना सांगते, तुम्ही नळी व्हा. मग त्या पेशी आत वळतात, खिशासारख्या. पुढे ज्या भागाला हवा हवी, तिथे दुसरे एक जनुक कामाला लागते आणि तो भाग हाक मारतो. अर्थात ओरडून नाही, एक रेणू सोडून. नळीच्या टोकाची पेशी ती हाक ओळखते आणि तिकडे निघते. बाकीच्या तिच्या मागे.

मी म्हणालो, "म्हणजे पुढारी आणि कार्यकर्ते."

शरयू म्हणाली, "फरक आहे. इथला पुढारी ज्याला गरज आहे त्याच्याकडेच जातो."

ताई, हे कुणाला उद्देशून नाही.

मी विचारले, "मग माणसे कमी पडली की नवी भरती?"

"भरती बंद. नळ्या पसरायला लागल्या की नवी पेशी होत नाही. आहेत त्याच सरकतात, ताणून लांब होतात आणि जाळे पुरे करतात."

गुळाच्या बाजारात पकडलेल्या माश्यांत तिला एक जात सापडली. त्या जातीच्या गर्भात नळ्या निघतात, पण मध्येच भलतीकडे वळतात. कोणत्या जनुकामुळे, हे शोधता शोधता शरयू गेली. अंकिताने ते शोधले. टाळ्या त्यासाठी वाजवा, मी थांबतो.

आता मूळ मुद्दा. दहाव्याला आम्ही कृष्णेच्या घाटावर होतो. पिंड ठेवला. कावळा पिंपळावर बसून बघतोय, पण खाली येईना. नातेवाईक एकेक वचन देऊ लागले. माझा धाकटा भाऊ केरबा हात जोडून म्हणाला, "वहिनी, अण्णाला येकटं न्हाई सोडत. पोटभर जेवाय घालतो. आता या!" कावळ्याने पाठ फिरवली. लीलामावशी चिडल्या, "आवं, तिचा जीव कशात अडकलाय त्ये तरी बघा की!"

तेवढ्यात मागून अंकिताचा बारीक आवाज आला, "मॅडम, माश्यांची खोली मी चालू ठेवते."

कावळा सरळ खाली आला.

केरबाचे गुऱ्हाळ आहे. तो म्हणाला, "जन्मभर माश्या हाकलल्या आमी, अन् वहिनीचा जीव माशीत!" घाटावर सगळे हसले. त्या दिवसांत मी पहिल्यांदा हसलो, तो तेव्हा.

पण पोरगी त्या शब्दात अडकली. "एक बाटली बंगळुरूला घेऊन जाईन काका, पण खोलीचं काय? विद्यार्थी सुट्टीत घरी जातात, माश्या सुट्टी घेत नाहीत." तिचे खरे आहे. बियाण्यासारखे त्यांना डब्यात भरून ठेवता येत नाही. वेळेवर नव्या बाटलीत घातले नाही तर वंश संपतो. उद्यापर्यंत तिने बंगळुरूला होकार कळवला नाही, तर जागा दुसऱ्याला जाईल.

अंकिता, मी सकाळी विभागात येतो, ते मॅडमच्या खुर्चीजवळ बसायला, असे तुला वाटत होते ना? पुष्कर सरांची परवानगी काढून मी माश्यांचा स्वयंपाक शिकत होतो. मक्याचे पीठ, यीस्ट, घट्ट व्हायला अगरची पूड आणि गूळ. गूळ केरबाचा. तो कुरकुरतो, "अण्णा, आमी चहाला बी हलका वापरतो. माश्यांस्नी येवढा झ्याक?" बाटल्या उंचीप्रमाणे रांगेत आणि कापसाचे बोळे एका रेषेत दिसले, म्हणून न विचारता बाटल्या हलवल्या असे समजून तू तुझ्या हाताखालच्या ज्ञानदाला रागावलीस. तिने बिचारीने माझे नाव फोडले नाही. तो गुन्हा माझा होता.

काल सकाळी मी घाटावर गेलो. शरयूला सांगितले, अंकिताचा शब्द मी माझ्या नावावर घेतोय, चार्ज बदलला. कावळा लगेच आला. माझ्या हातात भडंगाचा पुडा होता, त्यामुळे या बाबतीत शास्त्रीय दावा करता येणार नाही.

ही बाटली बघ. मी स्वतः बदललेल्या बाटलीतली नवी पिढी. नळ्या चुकलेला गर्भ जगत नाही, म्हणून तो दोष लपवून वाहणाऱ्या ज्या माश्या शरयूने वंश टिकवायला ठेवल्या होत्या, त्यांची खूण म्हणजे हे वळलेले पंख. म्हणजे जात शुद्ध आहे, भिंगाखाली घालून खात्री कर. ही तुझ्याबरोबर जाईल. बाकीच्या माझ्याकडे.

बोलवल्याबद्दल विभागाचा आभारी आहे. माणसांपेक्षा माश्यांबद्दल जास्त बोललो, काही कमीजास्त झाले असेल तर पोटात घाला. ऐकायची सवय आहे, बोलायची नाही.

नवी भरती बंद आहे, अंकिता. आहोत त्यांनीच लांब व्हायचे. तिकडून हाक आली आहे, तू निघ.