जादाचा ब्रेक

जावई – म्हणून मी म्हणतो आई, माणूस स्वतंत्र असतो ही समजूतच मुळात… क्लच हळू सोडा… मुळात एकदा तपासून बघायला हवी.

सासूबाई – घ्या. पडली बंद.

जावई – पडू द्या. घाई कुणाला आहे?

सासूबाई – मागच्या ट्रकवाल्याला आहे. हॉर्न ऐकताय ना?

जावई – हॉर्न वाजवणं ही त्याची निवड. त्यावर चिडायचं की शांत राहायचं ही तुमची निवड.

सासूबाई – आणि गाडी बंद पडली, ती कुणाची निवड?

जावई – अं? तिला कारणं असतात. एकामागून एक साखळीच असते. तुमचा पाय, तुमचं वय, रस्त्याचा चढ…

सासूबाई – जावईबापू, रस्ता सपाट आहे.

जावई – वरवर.

सासूबाई – बरं बाई, वरवर. हे बघा, मी त्या कारखान्यामागच्या मैदानात घेते गाडी. आज सुट्टी आहे, तिथे चिटपाखरू नसेल. मला तुमच्याशी थोडं तत्त्वज्ञान बोलायचंय.

जावई – तुम्हाला? माझ्याशी? मला वाटायचं, तुम्हाला कंटाळा येतो.

सासूबाई – येतो. तरी बोलायचंय.

जावई – घ्या, घ्या! डावीकडे घ्या! वा. हे बघा, किती छान वळवलीत. माझ्याकडे गाडी शिकायला इतके लोक येतात, पण एक माणूस विषय काढेल तर शपथ. आपणच काढला तर म्हणतात, मास्तर, समोर बघू द्या.

सासूबाई – आलं मैदान. थांबवते. तर समजा…

जावई – ‘समजा’ म्हणालात! अहो, सगळ्या विचारांची सुरुवात या एका शब्दापासून होते.

सासूबाई – मला पुढे बोलू देणार आहात का?

जावई – बोला, बोला.

सासूबाई – समजा, एक पोहायला शिकवणारा मास्तर आहे. त्याच्याकडे एक बाई शिकायला येते. तो तिच्या कमरेला दोरी बांधतो. बुडू नये म्हणून.

जावई – योग्यच आहे.

सासूबाई – बाई हळूहळू हातपाय मारायला लागते. आता जमेल असं वाटलं, की मास्तर काठावरून दोरी जरा मागे ओढतो. अगदी हळूच. बाई नाकातोंडात पाणी घेऊन तिथल्या तिथेच. तिला वाटतं, आपल्याला येतच नाही. मास्तर वरून म्हणतो, असू द्या, वयानं होतं असं. आता सांगा, हा मास्तर कसा?

जावई – कसा म्हणजे? नालायक! आई, यात विचार करण्यासारखं काही नाहीच. उगाच कुणाला बुडवलं असतं तर एक वेळ समजलो असतो. यानं तिचा स्वतःवरचा भरवसाच काढून घेतला. आणि गंमत म्हणजे दोष तिच्याच माथी मारला. असल्या माणसाला तर पाण्याच्या जवळ उभं करू नये.

सासूबाई – फार छान बोललात.

जावई – नाही, नीतीचा प्रश्न आला की मी कुणाची भीड… आई.

सासूबाई – काय?

जावई – ही दोरी म्हणजे…

सासूबाई – तुमच्या पायाशी तो शिकवणाऱ्याचा जादाचा ब्रेक आहे ना, तीच.

जावई – हा बघा, घेतला पाय मागे.

सासूबाई – आता का? ती पण निवडच का?

जावई – तुम्हाला कधी कळलं?

सासूबाई – तुमचा पाय मुरगळला होता ना, तेव्हा. तुम्ही तो वर घेऊन बसला होतात, मांडीवर, तान्ह्या बाळासारखा. त्या आठवड्यात मी बाजारातून गेले, पुलावरून गेले, मंडईच्या गर्दीतून गेले. गाडी एकदा बंद पडली नाही. पाय बरा झाला आणि माझं वय परत आलं.

जावई – अरे देवा.

सासूबाई – मग लक्ष ठेवलं. तुमचं बोलणं नुसतं रस्त्याबद्दल असलं, की गाडी सुरळीत चालते. माणूस, स्वातंत्र्य, असलं काही निघालं की समजावं, आता गचका बसणार.

जावई – आई, मी तुम्हाला फसवलं असं नाही म्हणता येणार. म्हणजे… येईल म्हणता. पण त्यामागे विचार होता.

सासूबाई – तो असणारच. तुम्ही विचाराशिवाय शिंकत नाही.

जावई – तुमच्या ठमीनं माझ्याकडून शब्द घेतलाय. म्हणाली, आईला गाडी शिकायचीये तर शिकव, नाही म्हणू नकोस, पण परीक्षेला बसवू नकोस. मी ‘तयार आहेत’ असं कळवल्याशिवाय परीक्षा होत नाही, ते तिला माहितीये. दिलेला शब्द मोडायचा कसा? आणि मी हिशेब केला. तुम्ही आमच्याकडे राहायला याल, ठमीचा जीव भांड्यात पडेल, पोरांना आजी मिळेल. सगळ्यांचं भलं!

सासूबाई – त्या सगळ्यांत मी होते का?

जावई – होतात की! अगदी मधोमध होतात.

सासूबाई – मधोमध बसवलंत, आणि विचारलं मात्र नाही.

जावई – …नाही विचारलं.

सासूबाई – बस बंद झाल्यापासून माझ्या घरून गावात यायला दुसरं काही नाही. मातीची पोती आणायची कशी? केलेले कप दुकानात पोचवायचे कसे? गाडी चालवता आली तर मी माझ्या घरात राहीन. नाही आली तर पुढच्या महिन्यात भट्टी मोडून तुमच्या तिसऱ्या मजल्यावर. एवढं साधं आहे. का तुमच्या बाल्कनीत भट्टी लावून देताय?

जावई – सोसायटीवाले मला भाजतील.

सासूबाई – मग?

जावई – पण कळल्यावर लगेच का नाही बोललात? शिव्या द्यायच्या होत्या चार.

सासूबाई – वाट बघत होते. म्हटलं, माणूस एवढं बोलतो नीतीवर, कधीतरी बोलता बोलता स्वतःच अडखळेल. माझा आशावाद, दुसरं काय!

जावई – लाज वाटते मला. खरंच सांगतो.

सासूबाई – वाटू दे थोडी. अहो, कळायच्या आधी काय व्हायला लागलं होतं, माहितीये? भट्टीत लाकूड सारतानासुद्धा माझा हात कचरायला लागला होता. इतकी वर्षं डोळे मिटून केलेलं काम. मनात यायचं, चुकेल, भाजेल, आता आपलं काही खरं नाही. कपाचे कान वाकडे बसायला लागले. रडले मी एकदा त्या कपांवर. तुमच्यावर राग आहे तो गाडीचा नाही, त्या कानांचा आहे.

जावई – आई, माफ करा. याला कारणांची साखळी नाही, चूक माझी.

सासूबाई – पहिल्यांदाच. बरं, आता खाली उतरा.

जावई – खाली? मी पाय वर घेऊन बसतो ना! हे बघा, मांडी घातली.

सासूबाई – मांडी सुटते. उतरा. मैदान रिकामं आहे, भिंत लांब आहे. मला एक फेरी एकटीनं मारायचीये. गाडी बंद पडलीच, तर ती माझी मीच पाडलेली असू दे.

(जावई उतरतो. गाडी सुरू होऊन पुढे जाते. त्याच्या खिशातला फोन वाजतो.)

जावई – हां, बोल ठमे.

लेक – कुठे आहात दोघं? शिकवणी संपली नाही अजून?

जावई – मैदानात आहोत.

लेक – आईला दे.

जावई – त्या चालवतायत.

लेक – मग फोन स्पीकरवर टाक.

जावई – टाकून उपयोग नाही. मी बाहेर उभा आहे.

लेक – बाहेर म्हणजे? शेजारी कोण बसलंय?

जावई – कुणी नाही.

लेक – डोकं ठिकाणावर आहे का तुझं? थांबव तिला!

जावई – कशानं थांबवू? माझ्या पायाखाली नुसती माती आहे.

लेक – तू मला शब्द दिला होतास.

जावई – दिला होता. पण त्यांना आधी म्हणालो होतो, शिकवतो. तो मी मोडला, तुझा पाळायला. त्या सगळं ओळखून होत्या गं. आज मलाच माझा निकाल द्यायला लावला त्यांनी.

लेक – ओरडली?

जावई – ओरडली असती तर बरं झालं असतं.

लेक – मी वाईट नाही रे. मला भीती वाटते. बाबा गेल्यापासून ती एकटी तिथे, आणि फोन उचलत नाही. दहा वेळा वाजतो. मग म्हणते, हात मातीत होते. तोवर मी निघायला चपला घातलेल्या असतात.

जावई – हे त्यांना सांगितलंस कधी?

लेक – नाही. तुझ्या पायाला सांगितलं.

जावई – आणि पायानं ऐकलं, डोक्याला न विचारता.

लेक – विनोद नको. कशी चालवतेय?

जावई – कोपऱ्यावर वळतायत. आरशात बघितलं. गिअर बदलला. ठमे, माझ्या हाताखाली शिकलेल्यांत इतकं मऊ वळण मी फार थोड्यांचं बघितलंय.

लेक – खरं सांगतोयस? का पुन्हा सगळ्यांच्या भल्याचं?

जावई – डोळ्यांनी दिसतंय तेवढंच सांगतोय. आता इकडेच येतायत.

लेक – मग… परीक्षेचं बघ. तयार आहे म्हणून कळव. पण आधी मला बोलू दे तिच्याशी. एकच मिनिट.

जावई – आई! ओ आई! जरा थांबवा! ठमी आहे फोनवर!

सासूबाई – गाडी चालवताना मी फोन घेत नाही. तिला म्हणावं, घरी पोचले की लगेच करते.