चोरखिसा

माझं माहेर करमाडचं, दिलं लासूर स्टेशनला, अन् मालक गेले तवापासून ही शिलाई मशीन, ब्लाऊज, फॉल, पिको, येईल ते. भाऊ एकच, माझ्याहून लहान, दिनेश. वाळूजला कंपनीत फिटर व्हता. नवी मशीन शिकायला त्याला अन् एका साहेबाला परदेशात पाठवायचं ठरलं, तर घरात आनंद कमी अन् धास्तीच जास्त. जो तो सांगायचा, तिकडं स्टेशनावर खिसे मारतात, पासपोर्ट गेला की माणूस अडकला. मग म्याच म्हणलं, थांब, तुला चोरखिसा लावून देते. पँटीच्या आतून, कमरपट्टीला, असा लावला, काय सांगू तुम्हाला ताई, हात फिरवला तरी कळू नये. पासपोर्ट, पैसे, हॉटेलचा कागद, सगळं त्यात.

तिकडं गेल्यावर रविवारी सुट्टी, एकटाच गाव बघायला निघाला. निघताना फोन केला. म्या म्हणलं, फोन रूमवरच ठेव, हातातून हिसकून नेतात म्हणं. बरं अक्का, म्हणला. ठेवला त्यानं. माझं लई ऐकायचा.

स्टेशनात चक्कर येऊन पडला. मेंदूत रक्त साकळलं व्हतं. दवाखान्यात कपडे काढून पिशवीत बांधले, त्यांचे घातले. वरच्या खिशात नुसता रुमाल. नाव नाय, गाव नाय. दोन दिवस असाच व्हता तो, बिननावाचा. साहेब पोलीस, दवाखाने हिंडत हिंडत पोचले तवर संपलं व्हतं. तिथली नर्स साहेबांना म्हणली, मधी शुद्धीवर आला, बोलला, आम्हाला भाषा कळंना. सारखा कमरेला हात लावायचा. आम्हाला वाटलं पोट दुखतंय, सुई दिली.

सामानात पँट आली. खिसा जसाच्या तसा. एक नोट हलली नव्हती.

आई म्हणती, तुझा काय दोष. व्हय, नसंल. पण मशीनवर बसले की मधीच पाय थांबतो. तो हात दिसतो मला, कमरेला चाचपणारा, अन् पँट तर अंगावर नाय.

लोक अजून येतात. परवा गल्लीतली शमीम आली, आजीला मक्केला उमऱ्याला घेऊन चाललीय, मावशी खिसा लावून द्या म्हणली. लावला. मग तिच्याचकडून चिठ्ठीवर आजीचं नाव, नंबर इंग्रजीत लिहून घेतलं, म्हणलं, ही आजीच्या ओढणीला वरून पिन कर. ती म्हणली, ही कशाला. जाणाऱ्या माणसाला काय सांगायचं ताई. म्या म्हणलं, असू दे, लपवू नको फक्त. नीट जा, दोघी नीट या.