जावयाच्या गाडीचं मागलं चाक

नुसता खिळा काढ म्हणलं व्हतं मी त्याला! खिळा! चाक काढ म्हणलो न्हाय, टायर काढ म्हणलो न्हाय, घन घाल तर अजिबात म्हणलो न्हाय... एवढासा खिळा, चपलंला मारत्यात तसला, आन त्याच्यापायी माझी काय गत झाली ते तुमीच ऐका आन तुमीच सांगा.

आता गाडी माझी असती तर मी एवढा बोंबललो नसतो. माझी गाडी बारा वर्साची, तिला दोन चाकं हायत हीच तिची शान. पर ही गाडी जावयाची! अविराज जावईबापूंची! लगीन होऊन आठ महिनं झालं, पयलाच धोंड्याचा महिना आला, तीन वर्सांनी एकदा येतोय, जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचं धोंडं खाऊ घालायचं, कपडं करायचं, मान करायचा. शनिवारी सांजच्याला आमची पोरगी संस्कृती आन जावई डाळजवरनं गाडीवर आली. गाडी काय इचारू नका! लालभडक! आन चाकं काळी कुळकुळीत, अलॉयची, तारा न्हायत का काय न्हाय. जावई उतरलं, पाणी घ्यायच्या आधी खिशातनं पिवळं फडकं काढलं आन चाक पुसत बसलं. तवाच माझ्या ध्यानात यायला पायजे व्हतं का न्हाय? आलं न्हाय.

रविवारी सकाळी बारामतीला जायचं व्हतं, शिंप्याकडनं जावयाचं कपडं आणायचं, आन त्यांना बांधायला एक फेटा. आमची कौसल्या म्हणाली, "आवं, आपली गाडी न्या की." मी म्हणलं, "तिची किक लागंना." साफ खोटं बोललो! मला त्या लाल गाडीवर बसून गावातनं एक चक्कर मारायची व्हती... का? माणसानं हौस करूच न्हाय का कधी? जावई म्हणलं, "घेऊन जावा की आबा," पर किल्ली देताना त्यांची मूठ काय लवकर उघडंना.

गेलो बारामतीला, घेतलं कपडं, घेतला फेटा, झोकात परत निघालो. आमचं शेळगाव जवळ आलं, फाट्यावर च्याला थांबलो, तर शेजारचा एक जण म्हणतोय, "आबा, मागल्या चाकात खिळा हाय वो." बघतो तर हाय! पर तुमाला सांगतो, हवा जागची हाललेली न्हाय. तसाच घरी गेलो असतो तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पर न्हाय! मला वाटलं, जावयाची गाडी हाय, नीट करून द्यावी. आन समोरच टायरचं दुकान. दुकान कसलं, उसाच्या ट्रॉल्यांचं टायर जोडायचा अड्डा! कारखाना बंद, सीझन संपलेला, दोन महिनं त्या माणसानं ट्रॉली बघितलेली न्हाय, हात नुसतं शिवशिवत असणार. त्यात मी घावलो.

नुसता खिळा काढ म्हणलं व्हतं मी! तर तो चाकाभवती तीन येढं मारून म्हणतोय, "पाव्हणं, खिळा काडून भागत न्हाय. आत बघाया लागंल."

"आरं ट्यूबलेस हाय! आत काय नसतंय!"

"आत काय नसतंय तर मग हवा कशात ऱ्हाती?"

आता ह्याला कुठं शिकवत बसू! मी आपला च्या प्यायला लागलो. दोन घोट घेतलं असत्याल नसत्याल तवर... धाण्ण! आयला, म्हणलं काय पडलं? मागं वळून बघतो, तर माझ्या... माझ्या न्हाय, जावयाच्या गाडीचं चाक आडवं मातीत, त्याच्यावर ह्याचा पाय, दोन बाजूला टायर उचकटायच्या दोन टॉम्या घातलेल्या, त्याबी ट्रॉलीच्या, एकेक माझ्या कमरंएवढी, आन वरनं घन! धाण्ण! धाण्ण!

"आरं आरं आरं! काय करतूस!"

"गप ऱ्हावा वो, घट बसलाय."

घट बसलाय! आरं, तो घट बसायसाठीच असतोय! मी हातातली कपबशी टाकून पळालो, पर तवर सगळा कारभार उरकलेला. चाकाची कड, तुमाला सांगतो, पापडावानी वाकलेली. रंग वीतभर खरवडून आतलं पांढरं दिसतंय. त्यानं परत टायर चढवला, हवा भरली, हवा फुस्स करून बाहेर. मग माझ्याकडं बघून म्हणतो कसा, "बघा! मी म्हणलो न्हवतो? ह्यात हवा ऱ्हात न्हाय." आन घातली आत ट्यूब! ट्यूबलेस टायरात ट्यूब! मग चाक गाडीला लावून फिरवून दाखवलं, तर ते चाक अर्धं इकडं बघतंय, अर्धं तिकडं.

माझं टाळकंच सरकलं. त्याची बनियन धरली छातीवर. म्हणलं, "नुसता खिळा काढ म्हणलं व्हतं मी तुला! गाव कुठलं तुझं? कुणाचा तू?" आमच्याकडं भांडाण कितीबी मोठं असू द्या, पयलं गाव इचारायचं. म्हंजी पुढं कुणाच्या घरापातूर जायचं ते कळतंय. ही रीत कुणी काढली कुणास ठावं, त्याला माझा लांबनं रामराम!

तो म्हणला, "सर्जेराव, मदनवाडीचा! आन दम मला देऊ नका. आधीच मी एका शेळगावकरावर खार खाऊन हाय. डाळजला माझी बहीण दिलीया, तानूबाई. तिच्या पोराच्या लग्नात त्या शेळगावकरानं सगळ्यांना फेटं बांधलं, आन मला, सख्ख्या मामाला, कुणाच्या तरी हातनं टोपी धाडली! जेवलो न्हाय मी, मांडवातनं उठून आलो. बहिणीच्या दारात अजून गेलो न्हाय. घावू द्या तो बाबा, बघतोच त्याला!"

तानूबाई म्हंजी माझी इहीण. तिचा पोरगा म्हंजी अविराज. आन तो शेळगावकर...

माझी मूठ आपोआप सुटली. लग्नात फेटं कमी पडलं व्हतं, ही गोष्ट खरी. ह्यो रुसून गेला, मी त्याचं तोंडबी बघितलं न्हाय. पर त्या दिवसापासनं आमची पोरगी काय काय ऐकती! दळण टाकताना, भाकरी थापताना, "तुज्या बापामुळं माझा भाऊ माझ्या दारात येत न्हाय." रोज! पोरगी फोनवर रडती, आन मी हितं बसून ऐकतोय, आतडं तुटतं वो. आन आता त्या भावाची बनियन मी धरली असं इहिणीला कळलं, तर पोरीला त्या घरात उभं ऱ्हाऊ देत्याल का कुणी?

मी त्याची बनियन सारखी केली, वरनं झटकली. हात जोडलं. म्हणलं, "सर्जेराव, तो शेळगावकर मीच. चुकलो. आज धोंड्याचं जेवाण हाय, तुमचा भाचा आलाय. चला, फेटा बांधतो." त्यानं टॉमी खाली ठेवली, मला वरपासनं खालपातूर बघितलं आन म्हणला, "मानानं बोलवताय तर येतो." आन बसला की मागं! त्याच गाडीवर! माणूस शंभर किलोचा, चाक त्यानंच वाकवलेलं, आन वाटभर मलाच म्हणतोय, "पाव्हणं, गाडी लय डुलती वो तुमची!" तुमची!

घरी आलो. मामाला बघून जावयाचं डोळं भरलं, पाया पडलं, मामानं पोटाशी धरलं. संस्कृतीनं तिथनंच सासूला फोन लावला, "आत्या, मामा आलं हो आमच्याकडं!" आन तिकडनं तानूबाईचं रडं आमाला अंगणात ऐकू आलं. आठ महिन्यांत पयल्यांदा माझी पोरगी खळखळून हसली. जावयासाठी आणलेला फेटा मी माझ्या हातानं सर्जेरावला बांधला. जावयाला काय? टोपी! बिचाऱ्यानं ती घातलीबी.

पंगत बसली. मामाच्या पानात धोंडं, वर तूप. आन जावयाला आठवण झाली गाडीची! फडकं घेऊन बाहेर गेलं... आन ओरडलं, "आबा! माझं चाक! कुणी केलं हे?"

सगळी माझ्याकडं बघायला लागली. मी सर्जेरावकडं बघितलं. तो कालवलेल्या घासाकडं बघतोय, फेट्याचा तुरा हालंना. आता गाडी कुणाची ते त्यालाबी कळलं. दारात संस्कृती उभी, कानाला अजून फोन, त्यात सासू. नुसता खिळा काढ म्हणलं व्हतं... ही सगळी गोष्ट पार जिभंवर आली, आन मी ती गिळली. म्हणलं, "जावईबापू, माझीच चूक. खड्ड्यात आदळली."

तर सर्जेराव! त्यानं घास तोंडात घातला, सावकाश चावला, आन मान हालवून काय म्हणला म्हायतीय? "अविराज, तूबी येडा हायस. ह्या वयातल्या माणसाच्या हातात असली गाडी देत्यात व्हय?"

आन मी काय म्हणलो? म्हणलं, "मामा, तूप वाढू का अजून थोडं?"