टाकीतलं पुदिन्याचं पान

जबाब

दिनांक १८ जानेवारी २०२३, सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी सुरू.

नाव: देर्लिस रामोन ओवेलार. वय: २३ वर्षे. शिक्षण: तांत्रिक शाळा, दुसरं वर्ष अपूर्ण. धंदा: गेमिंगचे कॉम्प्युटर जोडून देणे. राहणार: सान्ता लुसिया वस्ती, चिपा पावांच्या भट्टीमागची खोली, सान लोरेन्सो, पाराग्वे.

मी या ठाण्यात स्वखुशीने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, समक्ष सांगतो की,

शनिवार दिनांक १४ जानेवारी रोजी दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी मी बाजारातल्या बोळात माझ्या टेबलाशी बसून पुठ्ठा कापत होतो. त्याच आठवड्यात मी नवं कॅबिनेट घेतलं होतं, पांढरं, दोन बाजूंना काच असलेलं. त्यात रेडिएटर बसेल की नाही हे पाहण्यासाठी मी आधी त्याच मापाचा पुठ्ठ्याचा रेडिएटर करतो, कारण कागदावर सगळंच बसतं. रेडिएटर ३८ मिलिमीटर आणि पंखा २५, मिळून ६३. आत जागा ६१ भरली. पंखे वरच्या जाळीच्या बाहेरून लावावेत की पातळ रेडिएटर घ्यावा, या विचारात मी होतो. आजवर मी पाण्याने थंड होणारी अकरा मशीनं जोडली, ती सगळी दुसऱ्यांची. हे बारावं माझं स्वतःचं होणार होतं.

पुठ्ठा कापताना मी मोबाइल समोर टेकवून ठेवला होता. त्यावर फाब्रिसियो रोलोन याचा सामना सुरू होता. फाब्रिसियो, वय २०, हा तक्रारदार एलादियो रोलोन यांचा मुलगा. तो घरून गेम खेळतो आणि लोक ते इंटरनेटवर थेट पाहतात. घटनेच्या वेळी तीनशे बारा जण पाहत होते. त्याचं मशीन मी नोव्हेंबरात जोडलं. ते माझं अकरावं.

या मशीनमध्ये पंप टाकीतलं पाणी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवरून फिरवतो. तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये येतं आणि पंखे त्याला निववतात. पंख्याची हवा खोलीतलीच असते, म्हणून पाणी खोलीपेक्षा गार कधीच होत नाही. ही गोष्ट मी पुन्हा सांगणार आहे, म्हणून ती नीट लिहून घ्यावी अशी विनंती केली व ती लिहून घेण्यात आली.

मशीन देण्यापूर्वी मी प्रत्येक जोडाखाली टिश्यू कागद ठेवून नुसता पंप चोवीस तास चालवला. त्या वेळी बोर्डाला वीज दिलेली नव्हती. सगळे कागद कोरडे निघाले. ते मी एलादियो रोलोन यांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, "इंजिनियर, माझ्या नातवाचे लंगोटसुद्धा एवढे कोरडे नसतात." टाकीवर पाण्याची पातळी मी निळ्या रेघेने खुणावली. आत डिस्टिल्ड पाणी आणि निळं द्रव्य मी स्वतः मोजून भरलं. निळा रंग फाब्रिसियोने निवडला होता. माझ्या मशीनसाठीही रंग फाब्रिसियोच निवडणार होता. ते मी आता आराखड्यातून काढलं आहे.

नोव्हेंबर आणि डिसेंबरात मी त्यांच्या घरी नऊ वेळा गेलो. दर वेळी फाब्रिसियो तेरेरे, म्हणजे आमचा गार चहा, करायचा. पाण्यात बर्फ आणि ठेचलेला पुदिना घालायचा आणि एकाच पेल्यातून, एकाच नळीने आम्ही आळीपाळीने प्यायचो. त्याचा गेमशी काही संबंध नाही, तरी पुढे संबंध येतो म्हणून सांगितलं.

१४ तारखेला भर उन्हाळ्यात पारा एकेचाळीस होता. व्होल्टेज इतकं पडलं होतं की वस्तीतले एसी नुसते गुरगुरत होते. फाब्रिसियोच्या मशीनमधल्या पाण्याचं तापमान सामन्याच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसतं. ती सोय मीच करून दिली होती. ३ वाजून १५ मिनिटांनी पाणी ५१ अंश होतं. फाब्रिसियो पाहणाऱ्यांना म्हणाला, "मंडळी, दोन मिनिटं थांबा, पेशंटला पाणी पाजतो." तो खुर्चीतून उठला. नंतर आकडा ४० झाला, ३० झाला, मग १७.

बाहेर एकेचाळीस असताना पाणी १७ अंश होत नाही. मी पुठ्ठा खाली ठेवला आणि त्याला फोन लावला. पाच वेळा लावला. त्याने उचलला नाही. पाहणारे लोक त्याला शाबासकी लिहीत होते. मीही त्यांच्यातच लिहिलं, मशीन बंद कर, लगेच. कोणीतरी त्यावर हसण्याचं चित्र टाकलं. मी टेबल शेजारच्याच्या भरवशावर सोडून बस पकडली. बसमध्ये असतानाच, ३ वाजून ५२ मिनिटांनी, सामन्याचा पडदा काळा झाला.

मी ४ वाजून २० मिनिटांनी रोलोन यांच्या घरी पोहोचलो. मशीन बंद होतं. फाब्रिसियो जमिनीवर बसून टॉवेलने कॅबिनेट आतून पुसत होता. त्याच्या बाजूला तेरेरेचा तांब्या होता आणि बर्फाचे तीन साचे रिकामे पडले होते. मी सगळे जोड बोटाने तपासले. जोड कोरडे होते. ओलं होतं ते मधलं सगळं, जिथे जोड नाहीत तिथे. नळ्यांच्या पाठी, प्रोसेसरवरचा ब्लॉक, ग्राफिक्स कार्डची कड. तिथे थेंब जमून खाली बोर्डावर उतरले होते.

टाकीतलं पाणी निळ्या रेघेच्या दोन बोटं वर होतं. गळती झाली असती तर पाणी रेघेच्या खाली गेलं असतं. त्याचा रंगही फिका झाला होता. आणि पाण्यात पुदिन्याचं एक पान तरंगत होतं.

मी फाब्रिसियोला म्हणालो, "खालच्या नळाने माझं पाणी सोडलंस आणि वरून तांब्यातलं ओतलंस."

तो म्हणाला, "भावा, बाबांसमोर हे नको."

तेवढ्यात एलादियो रोलोन आले. एक कोटी ऐंशी लाख ग्वारानींचं कार्ड आणि बोर्ड तुझ्या गळक्या नळ्यांनी जाळला, असं ते म्हणाले. शाळा अर्धवट सोडणाऱ्याच्या हातात आपण मशीन दिलं ही आपलीच चूक, असंही म्हणाले. मी म्हणालो, "काका, फाब्रिसियोला विचारा." त्यांनी विचारलं. फाब्रिसियो आपल्या चपलांकडे बघत म्हणाला, मला काही माहीत नाही, आपोआप गळलं. मी टाकीचा आणि पानाचा फोटो काढला आणि निघालो. त्या दिवशी त्या घरात मला कोणी तेरेरे विचारलं नाही.

सोमवार दिनांक १६ रोजी दुपारी एलादियो रोलोन आणि हवालदार गोदोय माझ्या टेबलाशी आले. पैसे मिळेपर्यंत तारण, असं म्हणून हवालदार साहेबांनी माझं नवं कॅबिनेट खोक्यासह नेलं. पावती दिली नाही. बोळातल्या सगळ्या गाळेवाल्यांनी ते पाहिलं. तेव्हापासून दोन गिऱ्हाइकांनी आगाऊ रक्कम परत मागितली आहे. दोघांचं म्हणणं एकच होतं, तुझी मशीनं गळतात म्हणे.

आज सकाळी ९ वाजता बोलावल्यावरून मी ठाण्यात आलो. हवालदार गोदोय साहेबांनी आधीच टाइप केलेला एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की माझ्या निष्काळजीपणामुळे गळती झाली आणि मी एक कोटी ऐंशी लाख हप्त्यांनी फेडीन. सही केली की कॅबिनेट लगेच परत, असं साहेब म्हणाले. माझी आई निमिया ओवेलार चिपाची टोपली घेऊन फाटकाशी थांबली आहे. सही कर आणि खोकं घेऊन घरी चल, असं तिनेही मला सांगितलं. मी तो कागद दोनदा वाचला आणि सही केली नाही.

साहेब म्हणाले, "पोरा, मोटारीला पाणी घालतात, कॉम्प्युटरला कोण घालतं? उद्या गवत घालशील."

मी त्यांना टेबलावर बघायला सांगितलं. तिथे साहेबांचा तेरेरेचा अॅल्युमिनियमचा तांब्या होता, बर्फाने भरलेला, आणि त्याच्या बुडाखाली पाण्याचं तळं साचलं होतं.

"साहेब, तुमचा तांब्या गळतो का?"

"गळतो कशाला? त्याला घाम येतो. उन्हाळा आहे."

"फाब्रिसियोच्या मशीनलाही घामच आला होता. बर्फ त्याने घातला."

साहेबांनी तांब्या उचलून खालून पाहिला, रुमालाने पुसला आणि परत ठेवला. मग म्हणाले की तांब्याची साक्ष कोर्टात चालत नाही, आणि रोलोन हे चांगले गृहस्थ आहेत. मी ज्या बाकावर बसून हे सांगत आहे, त्याच्या पाठीवर रोलोन फर्निचर असं छापलेलं आहे. ते मी मोठ्याने वाचलं व येथे लिहून घ्यायला सांगितलं.

त्यानंतर मी मोबाइल साहेबांपुढे ठेवला. मी ठाण्याकडे येत असताना ८ वाजून २० मिनिटांनी फाब्रिसियोचा निरोप आला होता. तो मी कोणाला दाखवणार नव्हतो. शनिवारपासून आज ठाण्यात येईपर्यंत मी त्याच्या घरच्यांशिवाय कोणापुढेही त्याचं नाव घेतलं नव्हतं, तो स्वतः बोलेल म्हणून. निरोप असा: "भावा, सही करून टाक ना. पैसे मी तुला गुपचूप देत जाईन. बर्फाचं बाबांना कळलं तर मला गोदामात बसवतील, खेळणं कायमचं बंद. तू काय, तुला कोण ओळखतं?"

मी या निरोपाला उत्तर दिलेलं नाही.

साहेबांनी तो दोनदा वाचला आणि बाहेर जाऊन एलादियो रोलोन यांना फोन केला. खिडकी उघडी असल्याने साहेबांचं बोलणं मला ऐकू आलं. हो काका, नाही काका, तुमच्या पोराच्याच हातचं आहे काका. मग साहेब आत आले, कपाटामागून माझं खोकं काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "घे तुझं खोकं आणि नीघ. कागद फाडतो. मिटलं."

मी विचारलं, मिटलं म्हणजे काय लिहिणार. साहेब म्हणाले, काहीच लिहायचं नाही, मिटलं म्हणजे मिटलं. मग बोळात काय सांगायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, लोक विसरतात.

मी म्हणालो, "नाही साहेब. लिहा. माझं नाव, वय, पत्ता, सगळं पहिल्यापासून."

"खोकं समोर आहे, आई बाहेर उन्हात आहे, आणि तुला जबाब द्यायचाय?"

"हो."

"डोकं फिरलंय तुझं."

"तेही लिहा."

त्यावरून साहेबांनी यंत्रात नवा कागद घातला आणि हा जबाब सुरू झाला.

फाब्रिसियोला शिक्षा व्हावी अशी माझी मागणी नाही. त्याने बर्फ घातला हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं. ज्या तीनशे बारा लोकांनी पाणी १७ अंशांवर आलेलं पाहिलं, त्यांच्यासमोर सांगावं. ती टाकी आत जे आहे त्यासह सील करावी, पान काढू नये. मी पुदिना विकत नाही आणि कोणाच्या मशीनमध्ये घालत नाही.

कॅबिनेट मी आज नेत नाही. ते पावतीशिवाय आणलं होतं, तसंच पावतीशिवाय परत नेलं तर ते कधी आणलंच नव्हतं असं होईल. आणल्याची पावती १६ तारखेची द्यावी, मग मी ते नेईन. तोवर त्याची अवस्था लिहून घ्यावी: काचा दोन, ओरखडा नाही. स्क्रूची पुडी एक, न उघडलेली. आत पुठ्ठ्याचा रेडिएटर एक. तो कचरा नाही, फेकू नये. त्यावर पेन्सिलीने ६३ असा आकडा आहे तो बरोबर आहे. पंखे मी बाहेरून लावणार आहे.

पैशांबाबत विचारल्यावरून सांगतो की, कॅबिनेटचे साडेतेरा लाख ग्वारानी मी रोख दिले. दोन रेडिएटरचे अकरा लाख, पैकी चार लाख मला दुकानदाराला द्यायचे आहेत. दोन गिऱ्हाइकांची आगाऊ रक्कम सहा लाख, ती मी काल परत केली. फाब्रिसियोच्या मशीनच्या मजुरीपैकी दोन लाख एलादियो रोलोन यांच्याकडून अजून येणं आहे, नोव्हेंबरपासून. एलादियो रोलोन यांना माझं देणं: काही नाही.

हा जबाब साहेबांनी मला वाचून दाखवला. नंतर मी तो स्वतः वाचला. तिसऱ्या परिच्छेदात एके ठिकाणी "गळतीच्या वेळी" असं टाइप झालं होतं, ते खोडून तिथे "घटनेच्या वेळी" केलं व बाजूला दोघांनी सही केली. बाकी सर्व मी सांगितलं तसंच आहे.

पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यात जो गोल ओला डाग आहे, तो साहेबांच्या तांब्याच्या बुडाचा आहे. पान बदलून देतो, असं साहेब म्हणाले. मी ते बदलू दिलं नाही. तांब्या गळका नाही, हे साहेबांनी माझ्यासमोर तो उचलून खालून पाहिलं आहे.

देर्लिस रामोन ओवेलार
(सही)

समक्ष: हवालदार गोदोय
(सही)